मंगोल नेमकं कोणाला म्हणायचं?

मंगोलियात राहतात ते मंगोल, ही व्याख्या दोन्ही बाजूंनी गळते. मंगोलिया देशाची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास आहे. चीनच्या २०२० च्या जनगणनेत मंगोल म्हणून नोंदलेले लोक सुमारे ६३ लाख होते. म्हणजे मंगोलांच्या नावाचा जो देश आहे, त्याच्यापेक्षा शेजारच्या देशात मंगोल जास्त. त्यातले ४२ लाखांहून अधिक इनर मंगोलिया या स्वायत्त प्रदेशात राहतात, पण तिथेही ते जेमतेम साडेसतरा टक्के आहेत. बाकी बहुतेक हान चिनी. रशियात बैकाल सरोवराभोवती साधारण ४ लाख ६० हजार बुर्यात आहेत आणि व्होल्गा नदीच्या पश्चिमेला, म्हणजे युरोपात, पावणेदोन लाखांवर काल्मिक.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर मंगोलियाच्या पश्चिम टोकाचा बायान-ओल्गी हा प्रांत कझाखबहुल आहे. हे लोक तुर्की कुळातली कझाख भाषा बोलतात, मुसलमान आहेत, पिढ्यान् पिढ्या मंगोलियाचे नागरिक आहेत. पण मंगोल नाहीत आणि स्वतःला तसं म्हणवतही नाहीत. उत्तरेत खोव्सगोल भागात रेनडिअर पाळणारे दुखा, ज्यांना मंगोल लोक त्सातान म्हणतात, ते मुळात तुवा या तुर्की कुळातल्या समाजाचे. पर्यटनाच्या जाहिरातींत मात्र 'खरे मंगोल' म्हणून त्यांचेच फोटो असतात.

म्हणून पासपोर्ट सोडून द्या. मग भाषा धरावी का? तीही पुरत नाही. चीनच्या युन्नान प्रांतात तोंगहाय परगण्यात शिंगमेंग नावाचं मंगोल गाव-मंडळ आहे. युआन काळात, म्हणजे चीनवर मंगोलांचं राज्य असताना, दक्षिणेत आलेल्या मंगोल सैन्याचे हे वंशज. ते आज बोलतात ती काझुओ भाषा यी भाषांच्या, म्हणजे तिबेटो-बर्मी कुळातली आहे. चिंगहाय प्रांतातल्या हेनान मंगोल स्वायत्त परगण्यातले (हेनान प्रांताशी याचा संबंध नाही) बहुतेक लोक तिबेटी बोलतात आणि कागदावर मंगोल आहेत. उलट गान्सू प्रांतातले दोंगशियांग मंगोल कुळातलीच भाषा बोलतात, पण ते मुसलमान आहेत आणि चीन सरकार त्यांना स्वतंत्र जमात मानतं. दाउर, तू आणि बाओआन यांचंही तसंच: भाषा मंगोल कुळातली, नोंद वेगळी. सगळ्यात गंमत मोसुओंची. लुगू सरोवराच्या युन्नानकडच्या काठावरचा मोसुओ सरकारी दप्तरात नाशी नावाच्या दुसऱ्या जमातीचा असतो आणि सिचुआनकडच्या काठावरचा मंगोल. मधे फक्त प्रांताची हद्द.

याचं कारण असं की 'मंगोल' हे नाव आधी राजकीय होतं आणि मग वांशिक झालं. बाराव्या शतकात ओनोन आणि खेर्लेन नद्यांच्या आसपासच्या एका लहान गटाचं हे नाव होतं. त्यांच्याभोवती केरेइत, नायमान, मेर्गित, तातार असे इतर गट, त्यातले काही मंगोलांपेक्षा श्रीमंत आणि संघटित. १२०६ साली ओनोनच्या काठी भरलेल्या खुरालमध्ये, म्हणजे सरदारांच्या सभेत, तेमुजिनला चंगीज खान ही पदवी मिळाली. त्यानंतर त्याने जुन्या टोळ्या फोडून दहा, शंभर, हजार अशा तुकड्यांत माणसं वाटली. हरलेल्या टोळीतले लोक मुद्दाम वेगवेगळ्या तुकड्यांत टाकले. दोन-तीन पिढ्यांत केरेइत आणि नायमान हे वेगळे लोक उरले नाहीत, ती नावं मंगोलांच्या आतल्या कुळांची झाली. राज्य आधी झालं आणि त्या राज्याने लोक घडवले. रक्त तपासून मंगोल ठरवायला निघालेल्यांना हे पचत नाही.

इथेच एक हमखास विचारला जाणारा प्रश्न उरकून टाकतो: मोगल म्हणजे मंगोलच ना? नाव त्याच शब्दाचं फारसी रूप. बाबर आईकडून चंगीजचा वंशज, बापाकडून तैमूरचा. तैमूरची बर्लास टोळी मूळची मंगोल, पण तोवर भाषेने पुरती तुर्की आणि धर्माने मुसलमान झालेली. बाबराने आत्मचरित्र लिहिलं ते चगताई तुर्कीत. स्वतःला मंगोल म्हटलेलं त्याला रुचलं नसतं, मोगलांबद्दल त्याने बरंच कडवट लिहून ठेवलंय.

आता मंगोलियाच्या आत. तिथे 'यास्तान' ही पायरी महत्त्वाची: मोठ्या मंगोल समाजातले पोटगट. सुमारे ८४ टक्के लोक खाल्खा आहेत. पश्चिमेला ओइरात गट: दोर्वोद, बायाद, तोर्गूद, झाखचिन, ओल्द, म्यांगाद. उत्तरेला आणि ईशान्येला बुर्यात, खोव्सगोलजवळ दारखाद, आग्नेयेला दारिगांगा. खाल्खांची बोली हीच प्रमाण भाषा, त्यामुळे शाळा, टीव्ही आणि सरकार यांतून सगळे हळूहळू खाल्खाकडे सरकतात. उव्स प्रांतातले खोतोन हे मूळचे तुर्की मुसलमान. आज ओइरात बोली बोलतात आणि मंगोल यास्तानांच्या यादीत बसतात. म्हणजे वर सांगितलेली १२०६ ची प्रक्रिया थांबलेली नाही.

ओइरात आणि खाल्खा यांचं वैर जुनं आहे. सतराव्या-अठराव्या शतकात झुंगार हे ओइरातांचं बलाढ्य राज्य होतं. १७५५ ते १७५८ च्या मोहिमांत चीनच्या छिंग साम्राज्याने ते चिरडलं. लढाई, देवीची साथ आणि कत्तल यांत झुंगार समाज जवळपास संपला. त्याआधीच व्होल्गाकडे गेलेले ओइरात म्हणजे काल्मिक. १७७१ साली त्यांच्यातले बहुसंख्य परत पूर्वेकडे निघाले, वाटेत प्रचंड संख्येने मेले. मागे राहिलेल्यांना डिसेंबर १९४३ मध्ये स्टालिनने सरसकट सायबेरियात हद्दपार केलं, १९५७ मध्ये परतू दिलं. या १३-१४ वर्षांत मुलं काल्मिक भाषेविना वाढली, आणि ती भाषा आजही त्या धक्क्यातून उठलेली नाही. बुर्यातांचं प्रकरण शांतपणे उरकलं गेलं: त्यांच्या प्रजासत्ताकाचं नाव बुर्यात-मंगोल होतं, १९५८ मध्ये त्यातला 'मंगोल' काढून टाकला.

नावांची पद्धत समजून घेतली नाही तर बातम्या वाचतानाच गोंधळ होतो. मंगोलियात आपल्यासारखं आडनाव नसतं. आधी वडिलांचं नाव षष्ठी विभक्तीत, मग स्वतःचं. राष्ट्राध्यक्ष उख्नागीन खुरेलसुख यांचं नाव खुरेलसुख; 'उख्नागीन' म्हणजे 'उख्ना यांचे'. त्यामुळे 'उख्नागीन म्हणाले' असं छापलं की वाक्याचा अर्थ 'उख्ना यांचे म्हणाले' असा होतो. थोडक्यात लिहायचं तर वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे पूर्ण नाव. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. कुळाचं नाव, ओवोग, १९२५ मध्ये बंद केलं गेलं, कारण त्यातून जुने सरदार ओळखू येत. १९९० नंतर ते परत लावायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांना आपलं कूळच आठवेना. मग झुंबड उडाली ती बोर्जिगिनवर, कारण ते चंगीजचं कूळ. आज ओवोग बोर्जिगिन आहे म्हणून कुणी चंगीजचा वंशज ठरत नाही. मंगोलियाचे पहिले अंतराळवीर गुर्रागचा यांनी स्वतःसाठी 'सान्सार' म्हणजे अवकाश हे कूळ निवडलं. शब्द संस्कृतच्या 'संसार'वरूनच गेलेला.

असे शब्द तिबेटी बौद्ध ग्रंथांतून आणि त्याआधी उइगुरांकडून आले: ओचिर म्हणजे वज्र, एर्देने म्हणजे रत्न. वारांची जुनी नावं आदिया, सुमिया, आंगाराग, बुद, बार्खास्बादी, सुगार, सान्चिर अशी आहेत; मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत. रोजच्या व्यवहारात मात्र सोमवारला 'पहिला दिवस' असं मोजून बोलतात. मुलांना वाराची तिबेटी नावंही ठेवतात: दावा सोमवारचा, ल्खाग्वा बुधवारचा, प्युरेव गुरुवारचा. आणि आधीची मुलं दगावली असतील तर 'नेर्ग्युई' म्हणजे बिननावाचा, किंवा 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे, असं नाव. दुष्ट शक्तीला चकवायची ही युक्ती.

भाषेत मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. मंगोल भाषेत दंत्य आणि तालव्य 'च' वेगळे आहेत, 'ज'ही तसेच दोन. 'त्सागान सार' या नववर्षाच्या सणाच्या नावाची सुरुवात 'चांगला'तल्या 'च'ने करा आणि थोडा श्वास जास्त सोडा, झालं. 'चहा'तला 'च' वापरलात तर तो इनर मंगोलियाचा उच्चार होईल, तिथे 'चागान' म्हणतात. बुर्यात 'सागान' म्हणतात, सणाला सागालगान. काल्मिक परत 'त्सागान'. या एका शब्दावरून बोलणारा कुठला याचा बराच अंदाज येतो. बुर्यातांची दुसरी खूण म्हणजे शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह': 'साइन'चं 'हाइन'.

वाक्यरचना ओळखीची वाटते. कर्ता, कर्म, क्रियापद याच क्रमाने, विभक्ती प्रत्ययांनी, मोठ्यांना 'ता', बरोबरीच्यांना 'ची', म्हणजे आपले तुम्ही आणि तू. व्याकरणात लिंग अजिबात नाही. अवघड जातं ते स्वरांचं जुळणं. स्वरांचे दोन गट आहेत, मंगोल लोक त्यांना पुरुष स्वर आणि स्त्री स्वर म्हणतात, आणि एका मूळ शब्दात दोन्ही गट मिसळत नाहीत. 'इ' तेवढा दोन्हीकडे चालतो. मराठीत प्रत्यय तसाच राहतो आणि शब्दाचं सामान्यरूप होतं. इथे बहुधा शब्द तसाच राहतो आणि प्रत्ययाचा स्वर बदलतो. पंचमीचा एकच प्रत्यय शब्दाप्रमाणे आस, एस, ओस असा होतो, शिवाय ओठ गोल करून म्हणायचा एक चौथा प्रकार आहे जो देवनागरीत नीट लिहिताच येत नाही. 'आख' म्हणजे थोरला भाऊ, त्याच्यापासून 'आखास'. 'गेर' म्हणजे घर, घरापासून 'गेरेस'. शिकणारे चुकतात ते लपलेल्या 'न'वर: 'मोद' म्हणजे झाड, पण झाडापासून 'मोदनोस'. हा 'न' कुठल्या शब्दांत लपलाय ते पाठच करावं लागतं. दुसरी चूक लिहिलेलं सगळं उच्चारण्याची. पहिल्या अक्षरानंतरचे ऱ्हस्व स्वर बोलताना जवळजवळ गळून पडतात, त्यामुळे ऐकू येतात ती व्यंजनांची गाठोडी. आणि 'ल' हा आपला नाही. जीभ ल च्या जागी ठेवून बाजूंनी हवा घासत सोडायची.

लिपी हा मंगोल अस्मितेतला सगळ्यात दुखरा भाग. १२०४ च्या सुमारास नायमानांचा उइगुर कारभारी तातातुंगा पकडला गेला, आणि उइगुर लिपी मंगोल भाषेला लागू झाली. वरून खाली लिहायची आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकवायच्या. जुनं चिनी लेखनही उभं, पण त्याच्या ओळी उजवीकडून डावीकडे जातात. फरक यासाठी की ही लिपी मध्य आशियातल्या सोग्दी लिपीच्या वळणाची, मुळात आडवी, उजवीकडून डावीकडे जाणारी. ती ९० अंशांत फिरवली गेली. पुढे प्रयोग बरेच झाले. चंगीजचा नातू कुबलाई खान याच्यासाठी फाग्स्पा लामाने १२६९ मध्ये चौकोनी लिपी केली. झाया पंडिताने १६४८ मध्ये ओइरातांसाठी तोदो बिचिग, म्हणजे स्पष्ट लिपी, तयार केली. खाल्खांचा धर्मगुरू झानाबाजार याने १६८६ मध्ये सोयोंबो. तिचं चिन्ह आज मंगोलियाच्या झेंड्यावर आहे. टिकली ती मात्र जुनी उभी लिपीच.

तिची अडचण खरी आहे. 'ओ' आणि 'उ' यांना एकच आकार, 'त' आणि 'द' बऱ्याच ठिकाणी सारखे, आणि वर्णलेखन शेकडो वर्षांपूर्वीच्या उच्चारांचं. बोलताना 'बातार', लिहिताना 'बागातुर'. 'उलान'चं लेखन 'उलागान'. याचा उलटा फायदा असा की बोली कितीही फाकल्या तरी लेखन सगळ्यांना समान राहतं. खाल्खा आणि इनर मंगोलियातले चाखार दोघेही ते आपापल्या उच्चाराने वाचतात. १९४० च्या दशकात मंगोलियाने सिरिलिक घेतली, १९४६ पासून ती अधिकृत झाली. रशियनची ३३ अक्षरं आणि वर दोन नवे स्वर, एकूण ३५. साक्षरता झपाट्याने वाढली, पण इनर मंगोलियातल्या भावंडांचं लेखन वाचता येईनासं झालं. इनर मंगोलियाने उभी लिपी टिकवली. २०२० मध्ये तिथल्या मंगोल माध्यमाच्या शाळांत भाषा, इतिहास आणि राजकारण-नीती हे विषय चिनी पुस्तकांतून शिकवायचा आदेश निघाला, तेव्हा पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतलं होतं. इकडे मंगोलियाने २०१५ च्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागद दोन्ही लिप्यांत काढायचं ठरवलं. जिथे भाषा सुखरूप आहे तिथे लिपी परत आणताहेत आणि जिथे लिपी सुखरूप होती तिथे भाषेचाच घास होतोय. मला यात सिरिलिक हटवण्याची शक्यता दिसत नाही. दुहेरी लेखनच राहील.

संगणकावर ही लिपी वापरायची असेल तर दोन गोष्टी जपा. वेबपानावर लेखनदिशा 'व्हर्टिकल-एलआर' द्या. चिनी-जपानीची सवय असलेले डिझायनर 'व्हर्टिकल-आरएल' देतात आणि शेवटची ओळ पहिली होते. दुसरं, युनिकोडमध्ये अक्षरं आकाराप्रमाणे नव्हे, उच्चाराप्रमाणे नोंदली आहेत. 'ओ' आणि 'उ' दिसायला सारखे, कोड वेगळे. टंकणाऱ्याने चुकीचा स्वर दाबला तरी शब्द पडद्यावर बरोबर दिसतो, आणि शोधात मात्र सापडत नाही. फॉन्ट बदलला की अक्षराचं रूपही कधी कधी बदलतं. छापायला देण्याआधी मजकुराची प्रतिमा काढून ती लिपी वाचता येणाऱ्याकडून तपासून घ्यावी.

धर्माचं वाचन करताना 'मंगोल बौद्ध आहेत' इथे थांबू नये. चंगीजच्या काळी वर मोन्ख तेंगेर, म्हणजे शाश्वत आकाश, आणि मध्यस्थ शामान, म्हणजे अंगात येणारा देवऋषी. केरेइतांत पूर्वेकडचे ख्रिस्ती होते. कुबलाईची आई सोर्खाग्तानी ही केरेइत ख्रिस्तीच. तिबेटी बौद्ध धर्म कुबलाईच्या दरबारात आला, पण सामान्य कळपवाल्यापर्यंत पोचला तो १५७८ नंतर. त्या वर्षी कोकोनोर सरोवराजवळ आल्तान खान या मंगोल सरदाराने तिबेटी लामा सोनाम ग्यात्सोला दलाई ही मंगोल पदवी दिली. चौथा दलाई लामा तर आल्तान खानाचा पणतूच. १५८० च्या दशकात खाल्खा प्रदेशात एर्देने झू मठ उभा राहिला, आणि पुढे झानाबाजारपासून बोग्द गेगेनांची, म्हणजे खाल्खांच्या सर्वोच्च लामांची, परंपरा सुरू झाली. आठवा बोग्द १९११ ते १९२४ देशाचा राजाही होता.

१९३७ ते १९३९ च्या दडपशाहीत किमान ३० हजार माणसं मारली गेली, त्यातले निम्म्याहून अधिक लामा. सातशेच्या वर मठ उद्ध्वस्त झाले. १९४४ मध्ये राजधानी उलानबातरचा गान्दान मठ तेवढा मर्यादित स्वरूपात उघडला. १९९० नंतर जी सुरुवात झाली ती जवळजवळ शून्यातून. त्या दशकात भारताचे राजदूत असलेल्या लडाखच्या कुशोक बकुला रिंपोचे यांनी भिक्षूंच्या शिक्षणाला मोठा हात दिला. आजही पाठ बहुतांशी तिबेटीत होतात, जी भक्ताला कळत नाही. माणूस मठात येतो, अडचण सांगतो, लामा कुठला पाठ करायचा ते सांगतो, खिडकीवर पैसे भरून नाव नोंदवलं की काम झालं. इनर मंगोलियातल्या मेर्गेन मठाने मात्र पूर्ण पूजापाठ मंगोल भाषेत चालवायची परंपरा जपली, ती अपवाद.

२०२० च्या जनगणनेत मंगोलियात १५ वर्षांवरच्यांपैकी सुमारे ५२ टक्के बौद्ध, ४१ टक्के निधर्मी, ३ टक्क्यांवर मुसलमान, अडीच टक्के शामानपंथी आणि सव्वा टक्क्याच्या आसपास ख्रिस्ती अशी नोंद आहे. हे आकडे जपून वापरावेत. अडीच टक्के म्हणजे फक्त तो रकाना निवडणारे. झाइरानकडे, म्हणजे पुरुष शामानकडे, किंवा उदगानकडे, म्हणजे स्त्री शामानकडे जाणारा माणूस अर्ज भरताना बौद्धवर खूण करतो. आणि निधर्मी लिहिणाऱ्याच्या घरची बाईही सकाळी पहिला चहा त्सात्साल नावाच्या नऊ खळग्यांच्या लाकडी पळीने आकाशाकडे शिंपडते. चुलीतल्या विस्तवात कचरा टाकत नाहीत, पाणी ओतत नाहीत, सुरीचं टोक त्याकडे करत नाहीत. खिंडीत ओवू, म्हणजे दगडांची रास, दिसली की गाडी थांबते. उजवी बाजू राशीकडे ठेवून, घड्याळाच्या काट्याप्रमाणे तीन फेऱ्या, दर फेरीला एक दगड. निळा खादाग, म्हणजे पूजेचं रेशमी वस्त्र, बांधतात, दूध किंवा व्होडका शिंपडतात. घाईत असलेला चालक नुसता हॉर्न वाजवून पुढे जातो, तेही चालतं. दगड ओवूवरून उचलून नेणं मात्र चालत नाही.

१९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने बोग्द खान, बुरखान खालदुन आणि ओत्गोनतेंगेर या तीन पर्वतांची सरकारी पूजा पुन्हा सुरू झाली. पर्वतपूजा बौद्ध धर्माच्या आधीची, मंत्र तिबेटीत म्हणणारे लामा, आणि यजमान म्हणून पुढे उभा राहणारा निर्वाचित राष्ट्राध्यक्ष. बुरखान खालदुनच्या माथ्यावर स्त्रियांनी चढायचं नाही हा नियम अजूनही पाळला जातो, आणि त्यावर उलानबातरमध्ये वादही होतो.